दादाचा पाटा

…तर ती कोंबडी काही केल्या उठेना. रोपवाटिकेच्या मालकाने खिडकीतून हात घालून हुश्‌ हुश्‌ केलं, टाळ्या वाजवल्या, पत्र्यावर काठी आपटली. कोंबडीने एकदा मान वाकडी करून त्याच्याकडे बघितलं आणि पंख पसरून आणखी ऐसपैस बसली. गाडी तिची, आणि हाच कोण परका दारात येऊन आरडाओरडा करतोय, असा तिचा चेहरा.

गाडी म्हणजे जुनी पिकअप. पुढे गोल फुगीर बॉनेट, बेडकासारखे दोन डोळे, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. रिकाम्या कुंड्यांच्या ढिगामागे, एका झाडाखाली ती कित्येक वर्षं उभी होती. टायर जमिनीला चिकटलेले, हौद्यात गवत वाढलेलं, आणि पुढच्या लांबलचक सीटवर, डाव्या अंगाला, काथ्या उकरून या बाईने अंडी घातलेली. धाकटे तिला न्यायला आले होते. कोंबडीला नव्हे, गाडीला.

"टोपलीत उचलून ठेवतो, अंड्यांसकट," मालक म्हणाला.

"नको नको. उठवलेली कोंबडी पुन्हा बसतेच असं नाही."

"मग काय, पिल्लं बाहेर येईस्तोवर थांबणार?"

"थांबतो की. इतकी वर्षं थांबलो. ती जागा निदान रिकामी तरी नव्हती, बरं वाटलं."

मालकाला काही उमगलं नाही. म्हातारपणी माणूस थोडा सटकतो असं समजून तो कुंड्या मोजायला गेला. धाकटे रिकाम्या हातांनी परतले. पण मग दर दोन-चार दिवसांनी खिशात मूठभर दाणे घेऊन रोपवाटिकेत हजर. बायको म्हणाली, "गाडी आणायला म्हणून गेलात आणि कोंबडीचं बाळंतपण अंगावर घेऊन आलात! आता बारशाला पण जाणार का?"

शेवटी पिल्लं बाहेर आली, आई त्यांना घेऊन रुबाबात खाली उतरली, आणि पिकअप दोरखंडाने ओढत घरी आली. धाकट्यांनी गॅरेजमधून बायकोचं वॉशिंग मशीन हलवलं, जुन्या खुर्च्या हलवल्या, आणि गाडी आत घेतली. सीटवरचं पीस मात्र त्यांनी बरेच दिवस झटकलं नाही.

आता ही डाव्या बाजूची काय भानगड, ते समजायचं तर आधी धाकटे समजायला हवेत. धाकटे हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. केस पांढरेशुभ्र, दातांची निम्मी फौज धारातीर्थी, तरी सगळा मोहल्ला धाकटेच म्हणायचा. शेजारची पोरं तर 'धाकटे आजोबा' म्हणायची, आणि त्यात काही विनोद आहे हे त्यांच्या गावीही नसायचं. कारण एके काळी त्या घरात एक थोरला होता. तो म्हणजे दादा. थोरला असला की दुसरा आपोआप धाकटा होतो, त्याला वेगळं काही करावं लागत नाही.

दोघा भावांचा धंदा म्हणजे लोकांची घरं हलवणं. कुणाचं बिऱ्हाड बदललं की या दोघांना सांगावा जायचा. धाकटे स्टिअरिंगवर आणि दादा डावीकडे. दादा गाडी चालवायला शिकलाच नाही, कारण शिकायला बसायचा तर स्टिअरिंग आणि त्याचं पोट यांपैकी एकालाच गाडीत जागा होती. पण ताकद! लोखंडी कपाट पाठीवर घ्यायचा, कपाळाला पट्टा अडकवायचा, आणि जिना उतरताना घरमालकाला विचारायचा, "आत कपडे तसेच ठेवलेत ना? म्हटलं, हलकं का लागतंय!"

दादाचा एक नियम होता. फुटणारी वस्तू हौद्यात टाकायची नाही, मांडीवर घ्यायची. आरसे, भिंतीवरची घड्याळं, कुणाच्या लग्नातला काचेचा सेट, सगळं घोंगडीत गुंडाळून दादाच्या मांडीवर. त्याच्या पोटाइतकी मऊ जागा अख्ख्या गाडीत नव्हती. एकदा एका मास्तरणीबाईंच्या सामानात काचेचं भांडं निघालं, त्यात सोनेरी मासा. बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "याला सांभाळा हो." दादाने भांडं पाण्यासकट मांडीवर घेतलं. पण गोष्ट अशी की दादा बसला की गाडी डावीकडे झुकायची, कुणाच्या तरी पाया पडायला वाकल्यासारखी. पाणी एका काठाने डुचमळायला लागलं. पहिल्याच वळणावर निम्मं पाणी दादाच्या विजारीत, आणि पाण्यापाठोपाठ मासाही.

"धाकट्या, थांबव! थांबव! मासा आत गेला!"

"आत म्हणजे कुठे?"

"कुठे म्हणजे काय विचारतोस! सगळं हलतंय!"

भररस्त्यात गाडी उभी राहिली. तो मासा वाचला, बाईंना त्यातलं काहीच कळलं नाही, पण धाकट्यांनी त्याच संध्याकाळी गाडी कमानवाल्याकडे नेली. गाडीच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चवड असते, एकावर एक बसवलेली, तिला कमान म्हणतात, आणि त्यातली प्रत्येक पट्टी म्हणजे पाटा. गाडीचा भार तोच पेलतो. धाकटे म्हणाले, "डावीकडे एक पाटा जास्तीचा घाल."

कमानवाला भट्टीपाशीच उखडला. "अरे, दोन्ही अंगांना सारखेच पाटे असतात. शास्त्र आहे ते!"

"तुझ्या शास्त्राला म्हणावं, एकदा दादाला उचलून बघ."

कमानवाल्याने दादाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि शास्त्र गुंडाळून ठेवलं. जास्तीचा पाटा बसला. वर त्याने बेअरिंगमधला एक छर्रा काढून दिला, बोराएवढा, गुळगुळीत. म्हणाला, "हा समोरच्या काचेखालच्या पत्र्याच्या फळीवर मधोमध ठेवा. घरंगळला नाही, तर गाडी सरळ आहे समजा." दोघे भाऊ बसले. छर्रा जागचा हलला नाही. त्या दिवसापासून तिघेही त्या जास्तीच्या पाट्याला दादाचा पाटा म्हणायला लागले.

फक्त एक व्हायचं. दादा चहाला खाली उतरला, की डावी बाजू वर उचलली जायची आणि गाडी उजवीकडे, धाकट्यांच्या अंगावर कलायची. छर्रा घरंगळत त्यांच्या मांडीत येऊन पडायचा. दादा बाहेरून दारावर थाप मारून हसायचा, "बघ धाकट्या, मी उतरलो की तुझी गाडी कलते!" दार तर नुसतं लागायचंच नाही, आपटावं लागायचं. दादाच्या थापांनी त्या दाराला बशीएवढा खळगा पडला होता.

अशी कितीतरी बिऱ्हाडं त्या गाडीने इकडून तिकडे नेली. मग एके दिवशी धाकट्यांची पाठ गेली. अशी गेली की कुशीवर वळायलासुद्धा बायकोचा हात लागायचा. डॉक्टरांनी सांगितलं, ओझं बंद, गाडी बंद. धाकटे अंथरुणात पडून म्हणायचे, "जरा बरं वाटलं की निघू." दादा रोज ते ऐकायचा. गाडी दाराशी आहे तोवर हा पडून राहायचा नाही, हे दादा ओळखून होता. आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. दादाने कुणालाही न विचारता गाडी विकून टाकली.

भिंत धरधरून धाकटे पहिल्यांदा गॅरेजपर्यंत आले, तेव्हा आत तेलाचा डाग होता आणि दाराला लटकलेलं कुलूप. त्यांनी मिठाची गुळणी धरली. दादाने एकदा समजावलं, दोनदा समजावलं, मग त्यालाही राग चढला. एका आईच्या दुधावर वाढलेले, हट्टात कोण कमी! खणखणीत भांडण झालं असतं तर दोन दिवसांत मिटलंही असतं. पण भांडायलासुद्धा बोलावं लागतं. दादाची बायको आधीच गेली होती. लेकीने बोलावलं, तसा तो दूर तिच्या गावी राहायला गेला. जाताना दारात थांबून "येतो रे" म्हणाला. धाकट्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. वर्तमानपत्र आदल्या दिवशीचं होतं.

त्यानंतर दोन्ही घरांचा कारभार बायकांच्या फोनवर. इकडून धाकट्यांची बायको, तिकडून पुतणी. बायकोने फोन ठेवला की धाकटे भिंतीकडे बघत विचारायचे, "तिकडे सगळं बरं?" नाव घ्यायचे नाहीत. 'तिकडे' हेच दादाचं नवं नाव झालं होतं. वर्षं गेली. चहा पिताना धाकटे डावीकडची खुर्ची रिकामी ठेवून बसायला लागले. कुणी बसलं तर काही बोलायचे नाहीत, पण चहा अर्धाच टाकायचे.

म्हणून तर ती पिकअप रोपवाटिकेत सडतेय असं कुणाकडून कानावर आलं, तेव्हा त्यांनी चप्पलसुद्धा उलटी घातली. दादाला बोलवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण गाडी नसताना बोलवायचं, तर त्याला बसवायचं कुठे?

गॅरेजमध्ये काम सुरू झालं. पायाखालचा पत्रा असा खाल्लेला की आतून जमीन दिसायची. तो कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडला. हौद्याच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या ठोकल्या, त्यांना तेल पाजलं. रंग खरवडला तर खाली आणखी एक रंग, त्याच्याखाली आणखी एक, कांद्यासारखं. पाठ कुरकुरायची, मग धाकटे गॅरेजच्या जमिनीवर सपाट झोपून गाडीचं पोट न्याहाळत बसायचे. एके दिवशी स्वयंपाकघरातून आरोळी आली, "माझं मोठं पातेलं कुठाय?"

"कार्बोरेटर भिजत घातलाय."

"माझ्या पातेल्यात? रॉकेलमध्ये?"

"मग काय दुधात घालू?"

"घाला! आणि उद्या सकाळी चहाही त्याच्याच हातचा प्या!"

पण तीच संध्याकाळी कंदिलासारखा दिवा धरून उभी राहायची. सीटमध्ये नवा काथ्या भरताना तिने सुई-दोरा हातात घेतला आणि डावी बाजू जरा जास्तच भरली. पोचे सगळे ठोकून काढले, तेवढा डाव्या दाराचा खळगा धाकट्यांनी ठेवला. त्याच्यावरूनच रंग मारला.

कमानी बसवायला कमानवाल्याला बोलावलं. त्याची भट्टी केव्हाच विझली होती, पण जीभ अजून तापलेली. उलट्या बादलीवर बसून त्याने पाटे पुसले, ग्रीस लावलं, आणि डावीकडची चवड हातात घेऊन थबकला.

"हा दादाचा पाटा. आता काढायचा ना?"

"घाल."

"अरे, पण दादा कुठाय?"

"येईल."

"मग येईल तेव्हा घालू की! दोन बोल्ट तर काढायचेत."

"पाहुण्याला दारात उभा करून मग सतरंजी झटकतात का?"

कमानवाल्याने कपाळाला ग्रीसचा हात लावला आणि पाटा घातला. गाडी बाहेर आली तेव्हा आरशासारखी चकाकत होती, आणि उजवीकडे कलली होती. धाकटे तशीच ती बाजारातून फिरवायला लागले. डावीकडची सीट मोकळी. छर्रा फळीवर ठेवावा, तर तो घरंगळून मांडीत. ते परत ठेवायचे. तो परत यायचा. किराणावाला दुकानातून ओरडायचा, "धाकटे, गाडीला चक्कर येतेय का? लिंबू-पाणी देऊ?" धाकटे हसून हात करायचे, आणि पुढच्या वळणावर सवयीने डावीकडे बघून म्हणायचे, "येतंय का रे काही तिकडून?" डावीकडून काही यायचं नाही.

बायको मात्र त्या पाट्याच्या हात धुऊन मागे लागली. "अहो, काढून टाका तो."

"कशाला?"

"लोक हसतात."

"हसू देत."

"गाडीसुद्धा बिघडेल तशाने. ऐका माझं. काढा."

धाकट्यांना नवल वाटलं. लोकांच्या हसण्याला या बाईने जन्मात कधी भीक घातली नव्हती. पण ते आपल्याच नादात होते. म्हणाले, "तिकडे सांग, गाडी तयार आहे."

"मी काय टपाल आहे? तुम्ही सांगा."

फोन हातात घेऊन धाकटे बराच वेळ अंगणात येरझारा घालत राहिले. नंबर लावला. पलीकडून खोकल्याचा आवाज आला, आणि "कोण आहे?" तो आवाज ऐकला आणि धाकट्यांनी जे काय बोलायचं तयार ठेवलेलं होतं ते सगळं राहून गेलं. ते तसेच गॅरेजमध्ये गेले, फोन स्टिअरिंगजवळ धरला आणि भोंगा दाबला. तो भोंगा म्हणजे सर्दी झालेली म्हैस. सगळं गॅरेज दणाणलं.

पलीकडून दादा म्हणाला, "तोच?"

"तोच."

"डावीकडचं दार नीट लागतं का?"

"नाही. आपटावं लागतं."

"मग तीच गाडी."

तो पुन्हा खोकला. मग दादा म्हणाला, "रविवारी येतो."

रविवारी धाकट्यांनी गाडी धुतली, पुसली, परत धुतली. कमानवाला आपणहून येऊन आपल्या बादलीवर बसला. पुतणीची मोटार दाराशी लागली, मागचं दार उघडलं, आणि एक म्हातारा हळूच खाली उतरला. धाकटे त्याच्या मागे दादा दिसतो का ते बघायला लागले.

तोच दादा होता. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा खांद्यांवर लटकत होता. कमरेच्या पट्ट्याला नवी भोकं पाडलेली, त्याची शेपटी पार पाठीपर्यंत गेलेली. धाकट्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. तिने नजर जमिनीला लावली. पुतणीच्या फोनवर तिला सगळं कळत आलं होतं: आजारपण, न जाणारं जेवण, महिन्यामहिन्याला उतरणारं अंग. पाटा काढा, पाटा काढा, ते यासाठी.

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगून काय केलं असतंत? तुम्हीपण जेवण सोडलं असतंत. मग त्या गाडीत बसायला कोण उरलं असतं, कोंबडी?"

तेवढ्यात दादा जवळ आला. "काय बघतोस रे धाकट्या? निम्मा दादा तिकडेच ठेवून आलोय. प्रवासाला एवढं सामान कोण घेऊन येतो!"

धाकट्यांना हसू आलं, आणि हसता हसता नाक पुसावं लागलं. त्यांनी डावं दार उघडलं. दादा दारातल्या खळग्यावर हात ठेवून क्षणभर उभा राहिला. तळव्याने आता तो पुरता भरत नव्हता, कडेने जागा उरत होती. मग तो आत चढला. पूर्वी तो चढला की कमानी करकरायच्या, गाडी एक दीर्घ उसासा टाकायची. या वेळी गाडीला कळलंसुद्धा नाही. दार आपटलं, तेवढाच काय तो आवाज.

धाकटे पलीकडून येऊन स्टिअरिंगपाशी बसले. समोरच्या काचेतून दोघे रस्त्याकडे बघत राहिले.

"तुला न विचारता ही विकली," दादा म्हणाला, "तेव्हापासून मला घास जात नाही, असं काही समजू नकोस हं. डॉक्टर वेगळंच कारण सांगतात."

दादाने फळीवरचा छर्रा उचलला, शर्टाला पुसला आणि मधोमध ठेवला. छर्रा पळभर थांबला. जरा डुलला. मग सावकाश, अगदी सावकाश, उजवीकडे घरंगळत येऊन धाकट्यांच्या मांडीत पडला. दादाने हात लांब करून तो घेतला आणि पुन्हा ठेवला. पुन्हा तेच.

दादाने खिडकीबाहेर डोकं काढलं. "ए कमानवाल्या! ऊठ, काढ बाबा तो पाटा. त्याच्या तोलाचा माणूस आता राहिला नाही."

कमानवाला गुडघ्यांवर हात टेकत उठला. पाना घेतला, गाडीला वळसा घालून उजव्या खिडकीशी आला. आत वाकून त्याने आधी दादाकडे पाहिलं, मग त्या छर्र्याकडे, आणि हलक्या आवाजात विचारलं, "काय धाकटे, काढू?"

धाकट्यांनी मांडीतला छर्रा मुठीत घेतला आणि म्हणाले, "राहू दे. मीच जरा डावीकडे सरकून बसतो."